उघड ओटी

"सुवर्णा, बस पाटावर," आत्या म्हणाल्या. "आन् पदर पुढं घे."

पाट पुढच्या सोप्यात मधोमध मांडला होता. शेजारी तबकात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. भोवती महिला मंडळाच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बेदाण्याच्या शेडवरून सुटी काढून त्या थेट आल्या होत्या, काहींच्या साड्यांना अजून गंधकाच्या धुरीचा वास येत होता. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि मी त्या उंबऱ्यातच उभी होते. घर माझंच, पण आत जावं की बाहेर पळावं ते मला कळत नव्हतं.

"मी ओटी घेणार नाही," मी म्हणाले.

कुणाच्या कानावर ते पडलं नाही. शालनकाकी तांदळातले खडे काढता काढता गाणं म्हणत होत्या. त्या आत्यांचा उजवा हात, आणि त्यांचा आवाज असा की समोरच्या गल्लीतली म्हैस मान वर करून बघायची. मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. मग मात्र गाणं थांबलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. गाव त्यांना इंदूकाकी म्हणायचं आणि थोडं घाबरूनच म्हणायचं, कारण त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि उघड ओटी ही त्यांचीच कल्पना होती. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातल्या चार बायकांत, गाजावाजा न करता, दृष्ट लागू नये म्हणून. आत्यांनी ती पद्धत उलटी केली. पहिली मुलगी असलेल्या घरात पुन्हा दिवस गेले, की तिसरा लागताच मंडळ तबक घेऊन दारात हजर. सगळ्या आळीसमोर ओटी भरायची, गाणी म्हणायची, गूळ वाटायचा. एकदा गावाला कळलं की बाई पोटुशी आहे, मग कुठंतरी नेऊन तपासून, मुलगी म्हणून गुपचूप रिकामी करणं अवघड जातं. "चोराला अंधार लागतो," आत्या म्हणायच्या, "आपण दिवा लावायचा." आणि दिव्याचा उजेड पडलाही होता. शाळेत पहिलीच्या वर्गात मुली वाढल्या होत्या. तबक धरून मी स्वतः कितीतरी घरांत गेले होते आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

आता ते तबक माझ्यासमोर होतं. ज्या बाईला ओटी म्हणजे काय हे माहीत आहे, तिला ती नाकारणं काय असतं ते सांगायला नको. वैरिणीनं भरली तरी घ्यायची असते.

"का न्हाई?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता. त्यांना वाटलं असावं, मला मळमळतंय.

"कारण मला हे ठेवायचं नाही. गुरुवारी मिरजेला जायचं ठरलंय."

लहानपणी मला सांधे धरणारा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना काळजाची एक झडप खराब करून गेला. थोरलीच्या वेळी निभावलं. धाकट्या प्रांजलीच्या वेळी छातीत पाणी भरलं. पोर जन्मली आणि मी बुडायला लागले, कोरड्या खोलीत, पलंगावर पडल्या पडल्या. मिरजेच्या डॉक्टर हेर्लेकरबाईंनी मला ओढून वर काढलं आणि बजावलं, पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. माझ्या काळजाला कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झेपणार नव्हतं, म्हणून ते आमच्या ह्यांनी करून घ्यायचं ठरलं. हे साखर कारखान्यात. हा हंगाम संपू दे, तो हंगाम संपू दे, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. ऊस दरवर्षी संपला, ह्यांची भीती काही संपली नाही. आणि मग दोन हजार बाराच्या त्या उन्हाळ्यात माझी पाळी चुकली.

बाईंनी मला दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, मूल ठेवायचं, आवळलेली झडप फुग्यानं फुगवून घ्यायची, महिनोन्‌महिने दवाखान्यात राहायचं. त्यात मी वाचेन याची खात्री नाही, मूल वाचेल याचीही नाही. दुसरी वाट सगळ्यांना माहीत असलेली. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरींच्या वेण्या घातल्या, त्यांना शाळेत सोडलं आणि वाटेत ठरवून टाकलं. हे म्हणाले, "आईला मी सांगतो." ते म्हणाले तेव्हाच मी ओळखलं की हे सांगणार नाहीत.

शालनकाकींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "कुठं तपासलंस?"

"कुठं नाही."

"मग पोरगी हाय हे कळलं कसं तुला?"

"कळलेलं नाही काकी. काय आहे ते मला ठाऊक नाही. माझं काळीज धड नाही, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. प्रांजलीच्या वेळी डब्बा घेऊन तुम्हीच आला होता की दवाखान्यात."

सोप्यात चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, डॉक्टर काय, भीती घालायलाच बसलेले असतात. कुणी म्हणालं, आमच्या मावसबहिणीला पण असंच सांगितलं होतं, आता तिला दोन नातू आहेत. मग शालनकाकी जरा पुढे सरकल्या आणि अगदी हळू, जिव्हाळ्यानं म्हणाल्या, "पर सुवर्णा, पोरगा असला तर?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. याच बायका 'लेक वाचवा'चा फलक धरून माझ्याबरोबर भर उन्हात तहसीलपर्यंत चालल्या होत्या. आता त्यांच्या तोंडावर जी हळहळ दिसत होती ती लेकीची नव्हती. मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो.

"पोरगा असला तरी," मी म्हणाले. "मी मेले तर तो पोरगा काय माझ्या पोरींच्या वेण्या घालणार आहे?"

आत्या इतका वेळ माझ्याकडं बघत होत्या. आता त्यांनी मान वळवली. "शालन, काय म्हणालीस तू?"

"न्हाई, आपलं म्हटलं..."

"पोरगा असला तर काय? बोल की पुढं."

शालनकाकींनी सूप परत मांडीवर ओढलं. आत्या उठल्या, तबकावर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "जावा आता समद्या. शेडवर जावा."

बायका निघाल्या. जाताना शालनकाकींनी चपला पायात सरकवत आत्यांना शेवटचं ऐकवलं. "काकी, रागावू नका. पर तुमच्याच घरात असं झालं, तर उद्या गावात कुणाला अडवायचं आपण? तालुक्याच्या मॅडमना फोन तरी करून ठेवा. आपलं तोंड काळं नको."

मॅडम म्हणजे गर्भपाताच्या तक्रारी घेणाऱ्या अधिकारी, त्यांना फोन म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. त्या दिवसांत लिंगतपासणीवरच्या धाडींनी सगळे दवाखाने धास्तावलेले होते. ठरवल्यावर आधी मी जवळ म्हणून तालुक्यालाच एका डॉक्टरांकडं गेले होते. त्यांनी माझे कागद पुरते बघितलेसुद्धा नाहीत. "दोन मुलींवरचं आहे आणि तुम्ही इंदूकाकींच्या सूनबाई," ते म्हणाले. "माझ्या दवाखान्याला कुलूप लावायचंय का?" हेर्लेकरबाईंनी तयारी दाखवली होती, पण तक्रार गेली असती तर चौकशी होऊन सगळं पुढं ढकललं गेलं असतं, आणि जितका उशीर तितका माझ्या काळजाला धोका. आत्यांच्या एका फोनवर माझा जीव टांगला होता.

त्यात हेर्लेकरबाईंचं आणि आत्यांचं आधीच वाजलेलं. वर्षभरापूर्वी सांगलीला एक सभा झाली होती. बाई उठून म्हणाल्या, मुलगी म्हणून गर्भ पाडण्याला विरोध करा, मीही तुमच्याबरोबर आहे; पण भिंतीवर 'गर्भपात हे पाप' असं लिहू नका, बाईला नको असेल तर नाही म्हणायचा तिला हक्क आहे. आत्यांनी खालून उत्तर दिलं, "तुमी हक्कवाल्या, आमी जीववाल्या. आमचं तुमचं जमायचं न्हाई." टाळ्या पडल्या. सभागृह दोन्हीकडं वाटलं गेलं आणि चहासुद्धा दोन वेगळ्या घोळक्यांत झाला. मी आत्यांच्या घोळक्यात, सगळ्यात पुढं होते. तेव्हापासून आमच्याकडं कुणी भेटलं की बायका विचारायच्या, ही कुठली, जीववाली की हक्कवाली?

बायका गेल्यावर आत्या स्वयंपाकघरात आल्या. मी पिठाचा डबा उगाच उघडून बसले होते.

"बजरंगला ठावं हाय?" त्यांनी आपल्या लेकाचं विचारलं.

"हो."

"आन् मलाच न्हाई."

"तुम्ही अडवलं असतं."

त्यांनी पिठाच्या डब्याचं झाकण लावलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "अडवलं असतं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागानं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. आमच्या घरात भांडी आपटली की समजायचं, पाऊस पडून गेला, आता उघडेल. पण त्यांनी भांडी हळू ठेवली. बुधवारी दुपारी त्या पायरीवर मोबाइल हातात धरून बसलेल्या दिसल्या. चष्मा लावून एकेक बटण दाबत होत्या. मी आत धुण्याच्या बादलीपाशी तशीच उभी राहिले. बोलण्याचा आवाज आला नाही, पण माझ्याच छातीत इतकं वाजत होतं की आला असता तरी ऐकू आला असता की नाही, कोण जाणे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आई तसं करणार नाही." आणि जरा थांबून म्हणाले, "केलं तर बघू."

गुरुवारी सकाळी मी आणि हे एसटीच्या थांब्यावर गेलो. आत्या घरात नव्हत्या, मला वाटलं मळ्याकडं गेल्या. थांब्यावरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर त्या बसल्या होत्या. नेसूला सभेला जायची इरकल, मांडीवर पिशवी.

"तू घरला जा," त्या मुलाला म्हणाल्या. "पोरी शाळंतनं आल्यावर घरात कोण हाय? मी जाते हिच्यासंगं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काळजी होती आणि सुटका झाल्याचा आनंदही होता, तो त्यांना लपवता आला नाही. ऑपरेशन टाळण्यात गेलेल्या सहा हंगामांत मी त्यांना पुरतं ओळखलं होतं. "जा तुम्ही," मी म्हणाले.

गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. द्राक्षबागा मागं पडत होत्या. एप्रिलची छाटणी झालेली, सगळे वेल बोडके. अर्धी वाट सरली. मग मला राहवेना.

"आत्या, तुम्ही मला अडवायला येताय का?"

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

हेर्लेकरबाईंनी आम्हा दोघींना दारात बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केस अर्धे पांढरे. "या, इंदूकाकी," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी भेटलो तेव्हा तुम्ही मला हक्कवाली म्हणाला होता."

"म्हणाले व्हते. तुमी काय म्हणाला मला?"

"मी मनातल्या मनात म्हणाले. ते राहू द्या. बसा."

आत्या बसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, सभेत खोचायच्या तसाच. "मला आधी हे सांगा," त्या म्हणाल्या, "हिनं मला सांगितलं ते खरं हाय का? का माझ्या लेकाला तिसरी पोरगी नको म्हणून काळजाचं निमित्त काढलंय? मी लई जणींची निमित्तं ऐकलीत. हार्टाचं, बीपीचं, रक्ताचं."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावर झोपायला सांगितलं. आपली नळी काढून आत्यांच्या कानात अडकवली आणि दुसरं टोक माझ्या छातीवर, डाव्या बाजूला टेकवलं. "आधी माझं ऐका," त्या म्हणाल्या आणि ते टोक आपल्या छातीवर नेलं. "कसं वाजतंय?"

"टक टक वाजतंय."

"आता हिचं."

आत्या वाकल्या. त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्या अगदी जवळ आलं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कपाळावरचं गोंदण पुसट झालं होतं. त्या ऐकत राहिल्या, ऐकत राहिल्या.

"जातं ओढल्यागत वाजतंय," त्या म्हणाल्या. "लांब कुणीतरी दळत बसल्यागत."

"तेच आहे ते. झडप आवळली आहे, रक्त खरडत जातंय. आता पोटात मूल वाढेल तसं रक्त वाढत जाईल आणि ते त्याच भोकातून जायचंय. मागच्या वेळी ती वाचली. या वेळी मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"दुसरा काही इलाज?"

"आहे. तोही हिला सांगितलाय. दोन्ही वाटा सांगितल्या, दोन्हीतले खड्डे सांगितले. मी कुठल्याच वाटेवर ढकललं नाही. तिनं घरी जाऊन विचार केला आणि परत येऊन मला सांगितलं."

आत्यांनी कानातली नळी काढली आणि खुर्चीवर बसल्या. मला उठवत नव्हतं. छतावरचा पंखा बघत मी पडून होते, आणि आता ह्या काय म्हणतील याच्यावर माझ्या दोन पोरींची आई अडकली होती.

"बरं," आत्या म्हणाल्या. "मग आता लेकाला बोलवून घ्यावा लागंल. मीच त्याला माघारी धाडला. सही लागत आसंल त्याची."

"नाही लागत."

"मग माझी घ्या. मी घरातली मोठी हाय."

"तुमचीही नको, काकी. बाई सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नको, सासऱ्याची नको, कुणाची नको."

आत्यांना ते पटलं नाही. "असं कसं? नवऱ्याला न विचारता?"

"विचारायचं असेल तर तिनं विचारावं. मला मात्र तिलाच विचारावं लागतं. तिनं नको म्हटलं तर सगळं घर येऊन माझ्यासमोर उभं राहिलं तरी मला हात लावता येत नाही."

"हे आता नवीन निघालं व्हय?"

"नवीन कुठलं. एकाहत्तर सालचा कायदा आहे. पहिल्यापासून तसंच आहे."

आत्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी विचारलं, "त्र्याऐंशी साली पण असंच व्हतं?"

"असंच होतं."

"म्हंजी बाईला विचारल्याबिगर करता येत नव्हतं."

"नव्हतं, काकी. केलं असेल कुणी, तर तो गुन्हा होता."

बाईंनी नळी गुंडाळून ठेवली. मी टेबलावर उठून बसले. आत्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी हात पुढं केला तर त्यांनी तो धरला नाही, नुसता थोपटला.

"विचारा मग हिला," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "माझ्या म्होरं विचारा."

"सुवर्णा," बाई म्हणाल्या, "तुला काय हवंय?"

"मला मोकळं व्हायचंय," मी म्हणाले. "मला जगायचंय."

"ऐकलं," आत्या म्हणाल्या आणि उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

इथंच सांगून टाकते की मी जगले, आणि तालुक्याहून कसली चौकशीही कधी आली नाही. पुढच्या वर्षी झडप फुगवून घेतली. आमच्या ह्यांनी मात्र त्या गुरुवारनंतर महिन्याभरातच स्वतःच्या पायांनी जाऊन ऑपरेशन करून घेतलं. आत्या त्यांच्या मागं काठी घेऊन निघाल्या होत्या असं गावात सांगतात, त्यात थोडी भर आहे. आता थोरली नोकरीला लागली आहे आणि प्रांजली माझ्याहून उंच झाली आहे. शालनकाकी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस मागच्या दारानं आल्या, पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि उठता उठता हेर्लेकरबाईंचा नंबर मागितला. आपल्या लेकीसाठी, म्हणाल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी नंबर दिला आणि बाईंचा स्वभाव चांगला आहे, घाबरू नका, असं सांगितलं.

त्या गुरुवारी मला जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. वॉर्डात आणखी एकच बाई होती, ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी आधी श्वास घेऊन बघितला. आला. पुन्हा घेतला. कित्येक दिवस मी रोज सकाळी उठून पहिल्यांदा हेच बघत होते, आज चढताना धाप लागते का, आज उशी किती उंच लागते. आता ते बघायचं काम संपलं होतं. पोटात दुखत होतं, अंग जड होतं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मलाच त्याची लाज वाटली. वाईटही वाटत होतं, नाही असं नाही. पण ते मागच्या बाकावर बसलं होतं. पुढं येऊन बसली होती ती भूक. मला सपाटून भूक लागली होती.

आत्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी डोळे पुन्हा मिटून घेतले. त्यांच्यासमोर हसऱ्या तोंडानं कसं उठायचं ते मला कळेना.

"जागी हाईस," त्या म्हणाल्या. "सोंग करू नगंस."

मी डोळे उघडले.

"काय वाटतंय?"

"वाईट वाटतंय," मी म्हणाले.

"खरं सांग."

"थोडं वाईट वाटतंय. पण सुटल्यासारखं जास्त वाटतंय. आणि भूक लागलीय, आत्या."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. दशम्या होत्या, दुधात मळलेल्या, आणि साखरांब्याची बाटली. म्हणजे पहाटे उठून त्यांनी दशम्या केल्या होत्या. मला अडवायचं की नाही हे ठरलेलं नसताना. एक दशमी मोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी खायला लागले. त्या बघत बसल्या.

"बजरंगच्या पाठीवर मला दिवस गेले व्हते," त्या म्हणाल्या. "तुला म्हाईत न्हाई. कुणालाच म्हाईत न्हाई. मामंजी म्हणाले, पुण्याला जाऊन येऊ, देवदर्शन व्हईल. दवाखान्यात नेलं. पोटातनं सुईनं पानी काढलं. चार दिसांनी परत नेलं, म्हणाले, तपासणी ऱ्हायलीया. सुई टोचली, मी झोपले. उठले तर पोट रिकामं. म्हणाले, पोर खराब व्हतं. घरला आल्यावर जावेनं सांगितलं, पोरगी व्हती म्हणून. सह्या मामंजींनी आन् बजरंगच्या बानं केल्या व्हत्या."

मी खायची थांबले.

"खा तू. मला वाटायचं, कायदाच तसा आसतोय. किल्ली बाप्यांच्या हातात. मग मी म्हटलं, किल्ली आपल्याला मिळायची न्हाई, तर दारच बुजवून टाकू. कुणालाच आत जाता यायला नको. एवढी वरसं तेच केलं मी. पर त्या बाईंनी आज सांगितलं, किल्ली माझीच व्हती. मला कुणी दिलीच न्हाई."

त्या रडल्या नाहीत. मला वाटलं रडतील, म्हणून मी त्यांचा हात धरला. तो हात खरखरीत आणि साखरांब्यानं जरासा चिकट होता.

"तुझं आन् माझं एकच झालं बघ," त्या म्हणाल्या. "एकच. पर तू उठलीस आन् जेवाय मागितलंस. मी उठले तवा..." त्यांनी मान हलवली. "जाऊ दे. आज बोलले हेच लई झालं. छातीवरचा धोंडा उतरला."

"आत्या," मी विचारलं, "तुम्हाला विचारलं असतं तर?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "नको म्हणाले आसते. ठेवली आसती मी तिला." मग माझ्याकडं बघून त्या हसल्या, त्या दिवसातलं पहिलं हसू. "आन् तू हो म्हणालीस. दोघी बरोबरच की गं."

मी हात पुढं केला आणि त्यांनी त्यावर दुसरी दशमी ठेवली.